माप

कुसुमडांग्याचं तळं चैत्रात आटलं.
गाळ काढताना बिशूची कुदळ
कशावर तरी टणकन वाजली.
आधी मुकुट वर आला,
मग दोन कमळं, एक देठापाशी तुटलेलं,
मग सात घोडे, मांजराच्या पिल्लाएवढाले,
आणि त्यांचे लगाम धरून बसलेला
मांड्यांच्या खाली काहीच नसलेला सारथी.

काळा दगड. उभा करायला सहा माणसं लागली.
विटांचा टेकू देऊन वडाखाली ठेवला,
बालुरघाटहून म्युझियमची गाडी येईपर्यंत.
गाडी पावणेदोन महिने आली नाही.

चक्रवर्ती मास्तर संध्याकाळी पोरांना सांगत:
ह्या दोघी उषा आणि प्रत्यूषा,
अंधारावर बाण सोडतात.
हा पोटाळा दाढीवाला पिंगल,
दौत-लेखणी घेऊन जगाचं लिहून ठेवतो.
आणि बूट? पोरं विचारत. देवाला बूट?
मास्तर चष्मा पुसत.
थंड मुलखातून आला, उत्तरेकडून, म्हणून.
दुसरी गोष्ट ते आवाज खाली आणून सांगत:
ह्याचं तेज बायकोला सोसेना,
तेव्हा सासऱ्यानं ह्याला चरकावर धरून घासला.
पाय तेवढे घासायचे राहिले.
जो कारागीर हे पाय उघडे घडवील
त्याच्या अंगावर महारोग फुटेल.

मग सगळे डाव्या बुटाकडे बघत.
कुदळीनं त्याचं टोक उडालं होतं.
आत बोट नव्हतं. आतही दगडच.
तरी बिशू त्या रात्री जेवला नाही.

समोर पोत्यावर लखिंदर रबिदास बसलेला असे,
आरी, रापी, सोल्यूशनचा डबा.
नावात रवी, म्हणायचा, आणि पुढे दास.
पण लोक जिथं चपला काढतात
तिथपर्यंतच आमचं देऊळ.
ह्यानं काढल्या नाहीत.

गोष्टी तो ऐकत नव्हता. शिवण बघत होता.
नडगीवरून सरळ उतरलेली, घोट्याशी किंचित वळलेली,
टाके मोजले, सतरा.
घडवणारा महिनाभर तरी
कुणा चांभाराच्या शेजारी बसला असणार,
आणि चांभारानं त्याला हाकललं नसणार.

गावाची कामं संपली की लखिंदर
कुष्ठाच्या दवाखान्यासाठी चपला करी.
मऊ रबर, रुंद पट्टा, खिळा एकही नाही,
कारण त्या पायांना खिळा कळत नाही.
चुरकी मुर्मूचा पाय निखाऱ्यावर पडला
तेव्हा तिला आधी वास आला,
मग तिनं खाली पाहिलं.

तीस वर्षं पाय बघतोय मी, तो मला म्हणाला,
झाकून कोण चालतं ते मला विचार.
ज्याच्या पायाला चटका लागत नाही
तोच आगीवरून रोज चालू शकतो.
तेज कसलं.
मग थोडा वेळ त्यानं दोरा मेणावर ओढला,
आणि म्हणाला, माझं काय, मी अडाणी.

गाडी येणार त्याच्या आदल्या रात्री
कंदील घेऊन तो वडाखाली गेला.
फुलं नेली नाहीत. दोरी नेली.
दवाखान्याच्या वहीत, चुरकीच्या खाली,
त्याच्या वाकड्या अक्षरात आहे ते अजून:
सुर्जो ठाकुर.
उजवा, एक वीत चार बोटं.
डावा तेवढाच, पुढे तुटका.
चालणं, रोज.
आणि शेवटचा रकाना,
स्पर्श कळतो / कळत नाही,
तिथं नुसता पेन टेकवल्याचा ठिपका.

सारथ्याचं माप घेतलं का, मी विचारलं.
त्याला काय घालू, म्हणाला,
तो एकटाच सुटला.

गुरुवारी चुरकीच्या चपला झाल्या.
तिनं पाय घातले, चार पावलं चालली,
वडाखालच्या विटांपर्यंत, परत.
घट्ट होतात का गं?
त्यानं सवयीनं विचारलं.
ती हसायला लागली,
मग तोही.